चौथी संख्या

लग्नाच्या दिवशी बकुळाची अनुसूया झाली, यात तसं जगावेगळं काही नव्हतं. आपल्याकडे मुलीचं नाव सासरी बदलतंच. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, पेढे वाटतात, झालं. फरक एवढाच, की गोविंदरावांनी तांदळात जे नाव लिहिलं ते त्यांनी आधीही एकदा लिहिलेलं होतं. त्यांची पहिली बायकोही अनुसूयाच. ती दोन वर्षांची मुलगी मागं ठेवून टायफॉइडनं गेली, आणि वर्षाच्या आत त्याच घरात, त्याच चुलीपुढे, त्याच नावाची दुसरी येऊन बसली.

नाव तेच का, तर सासूबाईंकडे उत्तरं तयार होती. गोविंदाच्या तोंडात बसलंय. पोरीच्या कानावर आहे. आणि सगळ्यांत पक्कं उत्तर म्हणजे भांडी. घंगाळापासून फुलपात्रापर्यंत घरातल्या प्रत्येक भांड्यावर 'सौ. अनुसूया' असं कोरलेलं होतं. "आता ती सगळी घासून परत नावं घालायची का?" सासूबाईंनी भर मांडवात विचारलं आणि बायका हसल्या. बकुळाही हसली. नव्या नवरीनं हसायचंच असतं.

हे एकसष्ट साल. झाशीतली जुनी मराठी घरं म्हणजे कधीकाळी कारभाराला नाहीतर पूजेअर्चेला आलेल्यांची. त्यांच्या सोयरिकी झाशी, ग्वाल्हेर, सागर, फार तर बिठूर. तेवढ्या गावांत उजवायच्या मुली आणि नोकरीतले मुलगे यांचा मेळ कधी बसलाच नाही. त्यात बकुळा रंगानं सावळी, डोळ्यांवर जाड चष्मा आणि वर रसायनशास्त्राची एम.एस्सी. तिचे वडील वामनराव देवळात पूजा करत. मुलीला शिकवायची हौस त्यांनी केली खरी, पण पुढे ती हौस निस्तरायची कशी ते त्यांना कळेना. गोविंदराव रेल्वेच्या कचेरीत होते, शांत होते, आणि बकुळाची एक अट त्यांनी मान्य केली. ती नोकरी करील. त्या अटीपुढे नावाचं तिला काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण एका वेळी एकच गोष्ट मागावी हे वळण तिला माहेरीच लागलेलं होतं.

देवघरात पहिलीचा टाक होता. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बोटभर बाई. दुसरेपणावर आलेलीनं लग्नात तो गळ्यात बांधायचा, मग देवांत ठेवायचा. नवं लुगडं आधी त्याच्यापुढं ठेवायचं, मग नेसायचं. नैवेद्य आधी तिला, मग आपलं पान. अनुसूयेनं हे सगळं केलं. तिची काही तक्रार नव्हती. मेलेल्या बाईचा राग तरी काय करायचा? उलट त्या बाईची मुलगी विद्या रात्री हिच्या कुशीत झोपायची, तेव्हा आपणच तिच्याकडून काहीतरी न विचारता उचललंय असं हिला वाटे.

सदर बाजाराकडच्या एका मुलींच्या इंटर कॉलेजात तिला नोकरी लागली. डिग्रीवर बकुळा आणि हजेरीपटावर अनुसूया, म्हणून कचेरीत एक शपथपत्र द्यावं लागलं, ते गोविंदरावांनी करून आणलं. तिथून पुढं वीस वर्षं ती तिथली रसायनशास्त्राची बहनजी. आवाज असा खणखणीत, की शेवटच्या बाकावरच्या पोरींनाही डुलकी काढायची सोय नव्हती. घरात ती जे बोलत नसे ते सगळं जणू तिथं वसूल करत होती.

आणि तिचा सगळ्यांत आवडता धडा म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या क्वांटम संख्या. इतर बहनजी हा धडा उरकून टाकत. रटो और लिखो. ही मात्र त्यासाठी आठवडा घेई. म्हणे, अणू म्हणजे आपलं झाशी शहर समजा आणि केंद्रात किल्ला. पहिली संख्या सांगते, इलेक्ट्रॉन किल्ल्यापासून किती लांबच्या मोहल्ल्यात राहतो. दुसरी सांगते, त्याच्या घराचा आकार कसला, चेंडूसारखा गोल की मध्ये दबलेला, डमरूसारखा. तिसरी सांगते, त्या घराचं तोंड कुणीकडे. एवढं कळलं की घर सापडलं. पण एका घरात दोघं राहू शकतात. मग ओळखायचं कसं? तर चौथी संख्या. चक्रण, म्हणजे स्वतःभोवतीची गिरकी. एकाचं सुलट, तर दुसऱ्याचं उलटंच असायला हवं. फळ्यावर ती चौकोन काढायची, त्यात एक बाण वर तोंड केलेला, एक खाली. आणि मग खडू आपटून नियम सांगायची.

"किसी दो इलेक्ट्रॉन के चारों नंबर कभी एक नहीं हो सकते. कभी नहीं. हर इलेक्ट्रॉन की अपनी पहचान है, समझीं?"

हे वाक्य म्हणताना तिचा आवाज एक पट्टी वर चढे. पोरींना वाटायचं, परीक्षेत येणार म्हणून. खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. घरी दिवा लावताना टाकाकडे बघून तिच्या मनात कितीदा येऊन गेलं होतं: घर तेच, नवरा तोच, नाव तेच. तीन संख्या जुळल्या बाई आपल्या. पण चौथी नाही. तू आडवी झालीस, मी उभी आहे. एवढ्या एका संख्येवर मी बकुळा आहे. हा हिशेब तिनं स्वतःपुरता मांडला होता आणि त्याच्या आधारानं ती ताठ उभी होती.

ऐंशी सालच्या पावसाळ्यात जवळच्या मोठ गावाहून बसनं येणाऱ्या एका मुलीनं त्या हिशेबाला हात घातला. तिचं नाव कांता. बाप मंडीत हमाल, पोरगी भलती चौकस. धडा संपत आला होता तेव्हा ती उठून उभी राहिली.

"बहनजी, मान लो एक इलेक्ट्रॉन निकल गया. फिर बाहर से दूसरा आके उसी जगह बैठ गया. तो उसके नंबर?"

"वही रहेंगे. चारों के चारों."

"चौथा भी?"

"चौथा भी."

"तो फिर नंबर इलेक्ट्रॉन के कहाँ हुए? कोठरी के हुए." आणि मग तिला आपली बोली आवरली नाही. "हमें कैसें पता परै कि जौ ओई आय कि दूसरो?"

तोच आहे की दुसरा, हे कसं कळायचं? वर्ग हसला. अनुसूयाबाई हसल्या नाहीत. उत्तर त्यांना माहीत होतं, एम.एस्सी.ला शिकलेल्या होत्या. सगळे इलेक्ट्रॉन हुबेहूब एकसारखे. त्यांच्यावर खूण नाही, नाव नाही. संख्या असतात त्या जागेच्या, जो येऊन बसेल त्याला लागतात. हे माहीत असून इतकी वर्षं त्या पोरींना 'अपनी पहचान' शिकवत होत्या.

"पता नहीं चलता," त्या म्हणाल्या. "कोई तरीक़ा नहीं है." आणि घंटा व्हायला वेळ असूनही त्यांनी फळा पुसून टाकला.

त्याच हिवाळ्यात ग्वाल्हेरहून तार आली. गोविंदरावांची भाची कमळा बाळंतपणात गेली. दुसरं मूलही गेलं. मागं राहिला तिचा नवरा मधुसूदन आणि दीड वर्षाचा मुलगा. दिवसकार्य उरकतं न उरकतं तोच गोविंदरावांची बहीण, म्हणजे कमळेची आई, झाशीला येऊन बसली. तिचं रडणं खरं होतं, आणि तिचं मागणंही तितकंच खरं होतं. नातवाला परक्या बाईच्या हातात द्यायचं नाही. विद्या घरातली आहे. विद्या बावीस वर्षांची आहे. बी.एस्सी. होतेच आहे.

गोविंदराव काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं म्हणजे होकार, हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं.

अनुसूयेचं पित्त खवळलं. वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं नवऱ्यापुढं आवाज चढवला. "अहो, तिला एम.एस्सी. करायचंय! ती काय राखीव ठेवलेली आहे, एक गेली की दुसरी लावायला?" गोविंदरावांना खरंच कळत नव्हतं, की हिला एवढं लागलं कुठे.

पण विद्या स्वतःच हो म्हणाली. त्या पोराला तिनं बाराव्या दिवशी मांडीवर घेतलं होतं आणि ते तिच्या ओढणीला धरून झोपून गेलं होतं. मधुसूदन बँकेत होता, भला होता, पुढं शिकायला आडकाठी करणार नव्हता. स्वयंपाकघरात आईशेजारी पाटावर बसून विद्या तिच्या नेहमीच्या अर्ध्या-अर्ध्या भाषेत बोलली.

"आई, मैं चली जाऊँगी. बच्चे का मुँह देखा है तूने? पण एक ही बात. माझं नाव बदलायचं नाही. कमळाताईचं नाव तर बिलकुल नहीं."

"कोण म्हणतंय तसं?"

"कोणी म्हणत नाही. तुझ्या वेळी तरी आधी कोण म्हणालं होतं?" विद्या भांड्यावरच्या कोरीव अक्षरांवरून बोट फिरवत होती. "मी बाकी सगळं करीन. उनका घर, उनका बच्चा, सब. नाव माझं राहू दे. तू वचन दे."

"मी बघते."

"बघते नहीं. वचन."

अनुसूयेनं तिच्या हातावर हात ठेवला. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, तेही एवढंसं. जे आपल्याला मागता आलं नाही ते हिनं मागितलं, याचा तिला अभिमान वाटला.

बोलणी करायला दोघं नवरा-बायको ग्वाल्हेरला गेली. मधुसूदनची आई सरलाबाई नव्या वळणाची होती. दिवाणखान्यात सोफा, कोपऱ्यात फ्रीज. देवघर होतं, पण फळीवर. कमळेचा टाक वगैरे काही करायचं तिच्या डोक्यातही नव्हतं. "आमच्याकडं ते जुनं काही राहिलं नाही आता," ती म्हणाली.

आणि इथं अनुसूयेनं ती चूक केली. वीस वर्षं तोच धडा शिकवलेली बाईच ती करू जाणे. तिनं मनाशी मांडलं: टाक नाही, म्हणजे कमळेला घरात जागा नाही. जागा नाही, म्हणजे तिचं नाव मोकळं पडलेलं, आणि मोकळ्या जागेत येणाऱ्याला तिथल्या संख्या चिकटतात. उलट कमळा तिच्या नावानिशी देवघरात बसली, तर ती जागा भरली. मग विद्येला ते नाव लागायचंच नाही. दोघींच्या चारही संख्या एक कशा होतील?

तेव्हा सरळ 'नाव बदलू नका' एवढं म्हणायचं सोडून ती भलत्याच वाटेनं गेली.

"टाक करायला हवा," ती सरलाबाईला म्हणाली. "कमळेला तिच्या नावानं देवांत बसवा. तिचं तिला राहू द्या, म्हणजे आमच्या विद्येला तिचं मिळेल. आमच्या घरी आहे. मी रोज नैवेद्य दाखवते."

सरलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. गेलेल्या सुनेचा एवढा विचार तिनं स्वतःही केला नव्हता. तिनं अनुसूयेचे दोन्ही हात धरले. "करते. अगदी तुमच्या रीतीनंच सगळं करते," असं म्हणाली. अनुसूयेला वाटलं, काम झालं. परतीच्या गाडीत तिनं गोविंदरावांना दोनदा सांगितलं की काम झालं.

लग्न मे महिन्यात झाशीलाच झालं, शहरातल्या एका धर्मशाळेत. ऊन असं की मांडवाच्या कनातीला हात लावला तर चटका बसे. मंगलाष्टकं झाली. सरलाबाईनं लाल फडक्यातून टाक काढला आणि विद्येच्या गळ्यात बांधला. विद्येनं मान वाकवली. आईकडे पाहून किंचित हसली सुद्धा. हे ठरलेलं होतं.

मग ताट आलं, तांदूळ पसरले गेले. मधुसूदननं बोटातली अंगठी काढली आणि विचारलं, "विद्याच ना?"

"असं कसं?" सरलाबाई म्हणाली. "टाक आला म्हणजे नाव आलंच. मला कुठं माहीत होतं? ह्या विहीणबाईंनी शिकवलं. ह्यांच्या घरची रीतच ती. देवघरात अनुसूया, स्वयंपाकघरात अनुसूया. आणि वीस वर्षं कसा दृष्ट लागण्यासारखा संसार केला!" तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती, असती तर भांडता आलं असतं. "आता कमळेच्या आत्म्यालाही बरं वाटेल, आणि पोराच्या कानावरही नाव राहील. मधू, लिही."

"मम्मी, पण..." मधुसूदन अडखळला. त्यानं अनुसूयेकडे पाहिलं.

"विचार की त्यांनाच," सरलाबाई मोकळेपणानं म्हणाली. "काय हो अनुसूयाबाई, तुम्हाला कधी काही वाटलं का याचं?"

सगळा मांडव तिच्याकडं बघायला लागला. विद्या बघत होती. आणि पेढ्यांचं ताट घेऊन बाजूला गोविंदराव उभे होते. पांढरे झालेले केस, चेहरा घाबरलेला. ते वाईट नवरे नव्हते. कधी हात उगारला नाही, पगार मागितला नाही, दुखण्यात उशाशी बसले. 'वाटलं' असं म्हणणं म्हणजे त्या माणसाच्या वीस वर्षांच्या तोंडाला चारचौघांत काळं फासणं होतं. 'रोज वाटलं' असं म्हणणं म्हणजे त्याला जिवंत गाडणं.

पन्नास पोरींच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तिनं शोधला. तो घशाशी आलाही.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही वाटलं."

पुढं एक 'पण' होता. तो तिनं तयार ठेवला होता, पण तोवर बायकांनी गलका केला. कुणी म्हणालं बघा, कुणी म्हणालं धन्य हो, आणि अंगठी तांदळात फिरायला लागली. मधुसूदननं लिहिलं, कमळा. त्यातला 'ळ' वाकडा आला. विद्या रडली नाही. तिनं आईवरची नजर काढली आणि ताटाकडे नेली. निघताना वाकून नमस्कार केला तो दोघांना सारखाच, परक्या वडीलधाऱ्यांना करतात तसा.

गाडी गेल्यावर गोविंदराव म्हणाले, "बरं झालं, सगळं नीट पार पडलं."

जुलैत कॉलेज उघडलं. धडा आला. ह्या वेळी तिनं तो दोन दिवसांत संपवला. शहर नाही, किल्ला नाही. चौकोन काढले, बाण काढले आणि सांगितलं, की ह्या संख्या जागेच्या असतात, इलेक्ट्रॉनच्या नव्हेत. शेवटच्या बाकावरची एक पोर झोपली होती. अनुसूयेनं तिला उठवलं नाही.

भाद्रपदात अविधवा नवमी आली. सवाष्णच गेलेल्या बायकांचं श्राद्ध त्या दिवशी करतात. दरवर्षीप्रमाणे तिनं पहिलीच्या टाकापुढं लुगडं ठेवलं, सवाष्णीला जेवू घातलं. फक्त त्या दिवशी तिला टाकाकडे मान वर करून बघवेना. जिची मुलगी सांभाळायला आपण घेतली, तिला तोंड कसं दाखवायचं?

विद्या दिवाळीला आली. अंगानं भरली होती. पोर तिला चिकटलेलं होतं. तिच्याशी भांडावं, तिनं आपल्याला बोल लावावा, म्हणून अनुसूया चार दिवस वाट बघत होती. विद्येनं बोल लावला नाही. एम.एस्सी.चं विचारलं तर म्हणाली, "देखते हैं. मुन्ना थोडा बड़ा हो जाए." फराळाला डबा आणला होता. त्याच्या झाकणावर 'सौ. कमळा' असं कोरलेलं होतं. अक्षरं जुनी होती, घासून घासून गुळगुळीत झालेली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी विद्या उंबऱ्याशी बसून पणत्या लावत होती. पाठ घराकडे, डोकं खाली, नव्या साडीचा पदर खांद्यावरून घसरलेला. गल्लीत फटाक्यांचा कहर चालला होता. अनुसूया देवघरातून तेलाची बुधली घेऊन बाहेर आली आणि तिनं पाहिलं, पदराचं टोक मागच्या पणतीत गेलं होतं. जरीला काळी कड धरली होती आणि धूर निघत होता.

"विद्या!" ती ओरडली.

विद्या पुढची पणती लावत राहिली.

"विद्या! अगं विद्या, पदर!"

धुरातून आता बोटभर ज्योत वर आली. मधे पणत्यांची रांग, फराळाची ताटं, झोपलेलं पोर. धावून पोचायला वेळ लागला असता. अनुसूयेनं घशात होता नव्हता तो सगळा आवाज काढला.

"कमळा!"

"ओ," म्हणत विद्या चटकन वळली. वळताच तिला दिसलं. तिनं पदर ओढून घेतला, तळहातानं ज्योत चुरगळली आणि उठून उभी राहिली.

"क्या हुआ आई, कितनी ज़ोर से चिल्लाई," ती म्हणाली. "एक आवाज़ में सुन तो लिया मैंने."

अनुसूया बुधली धरून तिथंच उभी राहिली. आपल्याला नव्या नावाला ओ द्यायला वर्षं लागली होती, हे तिला आठवत होतं. मग तिनं बुधली खाली ठेवली आणि जळलेल्या पदराचं टोक कापायला कात्री शोधायला आत गेली.